छोट्या कॅम्पर गाडीत हीटर कोणता बसवायचा? विदर्भातल्या नव्या गाडीवाल्यांसाठी

विदर्भ म्हटलं की बाहेरच्या माणसाला मे महिना आठवतो. आमचं वावर अचलपूर तालुक्यात, मेळघाटच्या पायथ्याशी आहे. हरभऱ्याच्या ओलितासाठी पौषात वीज येते ती रात्रीची. रात्री दोन वाजता ओल्या पाटात पाय घालून उभं राहिलं की इथली थंडी काय चीज आहे ते कळतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. गोंदियाचं नाव तर दर हिवाळ्यात गारठ्याच्या बातमीत असतंच.

जागलीला जाता यावं, पोरांना घेऊन चिखलदरा किंवा पचमढीला दोन रात्री काढता याव्या, आणि जमलंच तर एकदा हिमाचल गाठावं, म्हणून आम्ही घरच्या मारुती ईको व्हॅनची कॅम्पर, म्हणजे आत झोपता येईल अशी गाडी, केली. तेव्हापासून ओळखीतले लोक विचारतात, ‘हीटर कोणता घेऊ?’ हा लेख त्यांच्यासाठी आहे. माझं मत आधीच सांगतो. गाडी मुख्यतः विदर्भातच फिरणार असेल तर पहिला रुपया पत्र्याच्या अस्तरावर घाला, दुसरा अंथरुणावर आणि तिसरा हीटरवर. हीटर घ्याल तो असा घ्या, की त्यातली आग गाडीतली हवा ओढणार नाही आणि गाडीत धूर सोडणार नाही. आग आणि धुराच्या या गोष्टीत कुठलीही तडजोड करू नका.

पायरी १: रात्री कुठे काढणार ते ठरवा

कागदावर लिहून काढा. मागच्या वर्षी किती रात्री गाडीत झोपलात किंवा येत्या हिवाळ्यात किती झोपणार, कुठे, आणि किती माणसं. आपल्याकडच्या बहुतेक लोकांचा हिशेब तीन प्रकारांत बसतो.

पहिला प्रकार गावाकडचा: वावर, नातेवाइकांचं अंगण, ताडोबा किंवा नागझिऱ्याच्या बाहेरचा एखादा मुक्काम. इथं हिवाळ्यात पहाटेचं तापमान बहुतेक ८ ते १४ अंशांत असतं आणि थंडीची लाट आली की त्याच्याही खाली जातं. दुसरा प्रकार डोंगरावरचा. चिखलदरा साधारण ११०० मीटर उंचीवर आहे, पचमढीही जवळपास तेवढीच. इथं वारा असतो, आणि वारा पत्र्यातली ऊब फार लवकर ओढून नेतो. तिसरा प्रकार हिमालयाचा: स्पिती, लडाख. तिथलं गणितच निराळं आहे.

वर्षात आठ-दहा रात्री आणि त्याही पहिल्या प्रकारच्या असतील, तर तुम्हाला इंधनावर चालणाऱ्या हीटरची गरज नसण्याचीच शक्यता जास्त. पुढच्या दोन पायऱ्यांतच तुमचं काम होईल.

पायरी २: आधी पत्रा झाका

आमच्या पहिल्या हिवाळ्यात गाडीला अस्तर नव्हतं. चिखलदऱ्याला नवराबायको आणि दोन पोरं, काचा गच्च बंद करून झोपलो. पहाटे चारला छताच्या आडव्या पट्टीवर एक थेंब तयार झाला, पट्टीवरून सरकत सरकत स्क्रूच्या डोक्याशी येऊन थांबला आणि माझ्या भुवईवर पडला. बॅटरी लावून पाहिलं तर सगळं छत घामानं डबडबलं होतं. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि अंगातून साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी हवेत सोडतात. ते गार पत्र्यावर जमतं, गादीत मुरतं, आणि ओली गादी कितीही जाड असली तरी ऊब देत नाही. शिवाय पत्रा आतून गंजतो तो वेगळाच.

म्हणून अस्तराचं काम पहिलं. एसीच्या डक्टला लावतात तो काळा रबरी फोम यासाठी उत्तम. त्यात पाणी मुरत नाही, तो वाकतो आणि पत्र्याला पूर्ण चिकटतो. १९ किंवा २५ मिलिमीटर जाडीचा घ्या. पत्रा आधी थिनरनं पुसून कोरडा करा, मग फोम हातानं दाबत दाबत चिकटवा, मागे हवेची पोकळी राहू देऊ नका. जोडांवर ॲल्युमिनियमची टेप मारा. सपाट जागी, म्हणजे फरशीला आणि पलंगाखाली, एक्सपीएसचे, म्हणजे थर्माकोलच्याच जातीच्या घट्ट फोमचे, कडक तक्ते चालतात.

काय भरू नये तेही सांगतो, कारण आपल्या भागात हा विचार हमखास सुचतो: घरचा कापूस. आमच्या आईनंही म्हटलं होतं, ‘घरात गाठोडी पडली आहेत, भरून टाक की.’ कापूस ओल धरतो, उंदीर बोलावतो आणि ठिणगी पडली तर क्षणात पेटतो. काचलोकरही छोट्या गाडीत नको, ती ओली झाली की पत्र्याला चिकटून गंज वाढवते. दारांच्या खालच्या बाजूला पाणी निथळायची बारीक भोकं असतात, ती कोणत्याही फोमनं बुजवू नका.

सगळ्यात जास्त ऊब काचांतून जाते. काचेच्या मापाचे तुकडे त्याच फोममधून कापा, बाहेरच्या बाजूला चंदेरी कापड शिवून घ्या आणि रात्री काचेत दाबून बसवा. ड्रायव्हरची सीट आणि झोपायची जागा यांच्यामध्ये जाड पडदा हवाच. जुनी सतरंजीसुद्धा चालते. तापवायची जागा जवळजवळ एकतृतीयांश कमी होते.

आणि हा खर्च थंडीच्या दीड-दोन महिन्यांपुरता नाही. हेच अस्तर एप्रिल-मेमध्ये छतावरून खाली येणारी झळ अडवतं. विदर्भात राहणाऱ्या माणसाला या कामाचे पैसे वर्षात दोनदा वसूल होतात. हीटर मात्र दहा महिने नुसता पडून राहतो.

एवढं केल्यावर एक गोष्ट विसरू नका: हवा यायला आणि जायला वाट हवी. एक काच बोटभर खाली आणि छताचा झरोका थोडा उघडा. ऊब जाईल म्हणून लोक तोही बंद करतात आणि सकाळी पुन्हा ओले होऊन उठतात.

पायरी ३: अंथरूण

गारठा वरून कमी आणि खालून जास्त लागतो. पलंगाच्या फळीवर थेट गादी टाकली की अंगाच्या वजनानं कापूस दबतो आणि खालची गार हवा पाठीला भिडते. फळीवर आधी फोमचा तक्ता, त्यावर गादी, गादीवर जुन्या लुगड्यांची गोधडी, आणि पांघरायला घोंगडी किंवा दुलई. माझ्या अनुभवात ८-१० अंशांपर्यंत हे पुरेसं होतं.

त्याखाली गेलं तर रबराची गरम पाण्याची पिशवी. दीड लिटर पाणी सत्तर अंशांवर भरून पायाशी ठेवलं तर ते अंगाच्या तापमानापर्यंत येईस्तोवर जेवढी उष्णता देतं, तेवढी ५० वॉटचं विजेचं ब्लँकेट साधारण सव्वा तासात देतं. आणि पिशवी ती सावकाश सोडते, म्हणजे झोप लागेपर्यंत तरी पाय उबदार राहतात. पिशवीला कापडी खोळ घाला, लहान पोरांच्या उघड्या कातडीला ती थेट लागू देऊ नका.

१२ व्होल्टवर चालणारं ब्लँकेट मला मनापासून आवडतं. ५०-६० वॉट घेतं, आठ तास सतत चालवलं तर ४०० ते ४८० वॉट-तास. १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत साधारण १२८० वॉट-तास असतात, म्हणजे एका रात्रीनंतरही बॅटरीत निम्म्याहून जास्त उरतं. ते गाडी तापवत नाही, माणसाला तापवतं, आणि झोपलेल्या माणसाला तेवढंच लागतं. जागलीला एकटं जायचं असेल तर माझी निवड हीच.

पण घरातला २००० वॉटचा पंख्याचा हीटर इन्व्हर्टरवर लावायचा विचार सोडून द्या. तीच बॅटरी अर्ध्या-पाऊण तासात संपते, आणि जाडसर तारा नसतील तर त्या तापून वितळतात. जिथं बाहेरून विजेचं कनेक्शन मिळतं, उदाहरणार्थ एखाद्या नातेवाइकाच्या अंगणात, तिथं ५००-८०० वॉटचा छोटा ऑइल हीटर चालेल. तोही पाडला जाणार नाही असा बांधून.

पायरी ४: गाडीत काय कधीच पेटवायचं नाही

हा भाग घाईनं वाचू नका.

पहिल्याच वर्षी वावरात आम्ही दोघा भावांनी कोळशाची सिगडी गाडीत घेतली होती. बाहेर चांगली फुलवली, धूर गेला, नुसते लाल निखारे राहिले, म्हणजे आता काही धोका नाही असं वाटलं. काच दोन बोटं उघडी होती. पहाटे धाकट्या भावाला ओकारी झाली, माझं डोकं फुटेल असं दुखत होतं आणि उठून दार उघडायला हात उचलत नव्हता. दार उघडलं, दोघं बाहेर मातीत बसून राहिलो. अर्ध्या तासानं बरं वाटलं. त्या रात्री पोरं सोबत नव्हती, याची आठवण झाली की आजही पोटात गोळा येतो.

निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणजे वायू नाही असं अजिबात नसतं, उलट धूर गेलेला लाल निखारा हा वायू भरपूर सोडतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो, आणि शरीर आतून गुदमरतं. झोपलेल्या माणसाला बहुतेकदा जागही येत नाही. म्हणून सिगडी, घमेल्यातले निखारे, पऱ्हाटीची शेकोटी विझवून आणलेली राख, यातलं काहीही गाडीत नको. शेकोटी बाहेर करा, पोटभर शेका, आणि निखारे बाहेरच पाण्यानं विझवून मग झोपा.

गॅसची शेगडी पेटती ठेवून ऊब घेणंही तसंच. बंद जागेत ऑक्सिजन कमी झाला की तीही हाच वायू सोडते. शिवाय १ किलो गॅस जळला की साधारण दीड लिटर पाणी वाफ होऊन हवेत येतं, म्हणजे वर सांगितलेला घाम कितीतरी वाढतो. स्वयंपाक करताना दार उघडं ठेवा आणि झालं की बंद करा.

गाडी उभी करून इंजिन चालू ठेवायचं आणि गाडीचाच हीटर लावून झोपायचं, हेही करू नका. तो हीटर इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो. प्रवासात त्याचा पुरेपूर उपयोग करा, मुक्कामाच्या आधीचा अर्धा तास आतला भाग छान तापवून घ्या. पण गाडी उभी राहिली की इंजिन बंद. सायलेन्सरचा धूर फरशीच्या फटींतून आत येतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हीटर असो वा नसो, घ्याच. झोपल्यावर नाक असतं त्या उंचीवर, पडद्याआड न जाईल असा लावा. दर महिन्याला बटण दाबून आवाज तपासा. त्याचा सेन्सर साधारण ५ ते ७ वर्षांत निकामी होतो, पाठीवर तारीख असते ती बघा. आणि सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, तर अलार्म वाजो न वाजो, आधी बाहेर पडा.

पायरी ५: कोणता प्रकार

खऱ्या अर्थानं निवड दोनच प्रकारांत आहे, डिझेलवरचा आणि गॅसवरचा. लाकडाच्या छोट्या लोखंडी चुली परदेशी व्हिडिओंत सुंदर दिसतात, पण ईकोएवढ्या गाडीत तापलेल्या चुलीपासून हातभर अंतर सोडायलाच जागा नाही.

गॅसचा बंद प्रकारचा हीटर बाहेरची हवा घेऊन बाहेरच धूर सोडतो आणि आवाजही कमी करतो. अडचण गॅसची आहे. आपल्याकडच्या गॅसमध्ये ब्यूटेनचा वाटा मोठा असतो, आणि ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं जवळजवळ थांबवतं. म्हणजे हिमालयात नेमकी गरज असते तेव्हा दाब पडतो. विदर्भात ही अडचण येत नाही, पण सिलिंडर ठेवायला बाहेरच्या बाजूनं उघडणारा आणि तळाला भोक असलेला बंद कप्पा लागतो, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळला की फरशीवर साचतो. एवढी जागा लहान गाडीत निघत नाही. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर झोपायच्या जागेत घेऊन फिरणं तर मनातही आणू नका.

राहिला डिझेल हीटर. वेबास्टो आणि एबरस्पेशर या जर्मन कंपन्यांचे हीटर ट्रकमध्ये अनेक वर्षं वापरात आहेत, आणि त्याच धर्तीचे स्वस्त चिनी हीटरही मिळतात. आत एक छोटी धातूची कोठी असते. पंप थेंब थेंब डिझेल सोडतो, ग्लो प्लग (विजेवर लाल तापणारी छोटी कांडी) ते पेटवतो, जळायला हवा गाडीच्या खालून येते आणि धूरही खालूनच बाहेर जातो. गाडीतली हवा त्या तापलेल्या कोठीच्या बाहेरून फिरते आणि कोरडी, गरम होऊन परत येते. दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत. ईको पेट्रोल किंवा सीएनजीवर चालते, म्हणून तिला डिझेलची ५ लिटरची वेगळी टाकी लागते. ती बाहेरच्या बाजूला, झोपायच्या जागेपासून वेगळी. डिझेलच्या हीटरमध्ये पेट्रोल घालून बघायचा मोह कधीही करू नका. विंगर किंवा ट्रॅव्हलरसारखी डिझेलवरची व्हॅन असेल तर मूळ टाकीतूनच नळी घेता येते.

पायरी ६: किती मोठा

इथं मी चुकलो, आणि बहुतेक जण इथंच चुकतात. शहरातल्या एका दुकानदारानं ‘मोठा घ्या, कधी कमी पडणार नाही’ म्हणून ५ किलोवॉटचा हीटर गळ्यात मारला. दोन हिवाळे तो अगदी मंद चालवला, कारण थोडा वाढवला की गाडी भट्टीसारखी व्हायची. तिसऱ्या वर्षी पेटेना, नुसता पांढरा धूर. परतवाड्याच्या मिस्त्रीनं खोलला, काजळीनं कोठी भरली होती. त्याचे शब्द असे होते: ‘भाऊ, ह्या मशीनले कधी पोटभर पळूच देल्लं नाही तुम्ही, मंग काजळी धरणारच.’

आता हिशेब बघा. ईकोच्या झोपायच्या भागाचं छत, भिंती, फरशी धरून क्षेत्रफळ साधारण १६ चौरस मीटर होतं. उघडा पत्रा दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला ५-६ वॉट ऊब गमावतो. बाहेर ८ आणि आत २० अंश, म्हणजे १२ अंशांचा फरक, तर १००० वॉटच्या आसपास लागतात. पत्रा आणि काचा नीट झाकल्या की तोच आकडा सरासरी २ वॉटवर येतो, म्हणजे ४०० च्या आत. हवेसाठी बोटभर खाली ठेवलेल्या काचेतून जाणारी ऊब १०० वॉट धरा. एकूण अर्धा किलोवॉट. त्यात झोपलेलं प्रत्येक माणूस स्वतःच्या अंगाची ७०-८० वॉट भर घालतंच.

स्पितीत बाहेर उणे १५ असलं तरी हाच हिशेब दीड किलोवॉटच्या आत राहतो. म्हणजे अस्तर केलेल्या लहान गाडीला २ किलोवॉटचा हीटर कुठेही पुरतो. ईको, ओम्नी, छोटी विंगर, सगळ्यांना २ किलोवॉट. ५ चा विचार मोठ्या ट्रॅव्हलरसाठी करा. काही चिनी हीटरवर ८ किलोवॉट लिहिलेलं असतं, पण आतली कोठी ५ चीच असते, म्हणून खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. गरम हवेच्या नळीचा व्यास बघा, २ किलोवॉटला तो साधारण ६० मिलिमीटर असतो.

२ किलोवॉटचा हीटर मंद आचेवर तासाला साधारण १०० मिलिलिटर डिझेल पितो, रात्रभरात लिटरच्या आतबाहेर. वीज पेटताना ८ ते १० अँपिअर आणि नंतर १०-२० वॉट.

पायरी ७: बसवणं

ड्रिल हातात घेण्याआधी दोन चौकश्या करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला परवानगी लागते, आणि मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे आत राहता येईल अशा गाडीसाठी, एआयएस-१२४ हे मानक आहे. तुमच्या बदलाला काय लागू होतं ते आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या, शक्यतो लेखी.

जागा: पुढच्या डाव्या सीटखाली बहुतेक वेळा बसतो. फरशीत भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली झोपून ब्रेकची नळी, इंधनाची नळी आणि तारा कुठून जातात ते खडूनं आखून घ्या. हीटर थेट फरशीवर न बसवता मध्ये लोखंडी पट्टी आणि सोबत आलेलं गॅस्केट (फट बंद करणारी चकती) घाला. इथं फट राहिली तर धूर आत येतो, म्हणून हे काम उरकू नका.

धुराची नळी गाडीच्या कडेपर्यंत न्या, तोंड खाली आणि मागे. मध्येच गाडीच्या पोटाखाली सोडली तर धूर तिथंच घुटमळतो. हवा घेणारी नळी धुराच्या नळीपासून लांब आणि वेगळ्या दिशेला. धुराची नळी फार तापते, तिच्यावर उष्णता सोसणारी पट्टी गुंडाळा आणि ती प्लॅस्टिकला, तारेला, रबराला लागू देऊ नका. छोट्या सायलेन्सरला तळाशी बारीक भोक असतं, ते खालच्याच बाजूला यायला हवं, नाहीतर पाणी साचतं.

पंप आडवा बसवू नका, त्याचं बाहेर जाणारं टोक वर तिरकं असावं, म्हणजे हवेचे बुडबुडे निघून जातात. आणि त्याला रबरात टांगा. पत्र्याला थेट स्क्रूनं ठोकला तर त्याची टक-टक रात्रभर डोक्यात वाजते. मेळघाटच्या शांततेत तर ती जास्तच ऐकू येते.

तारा जाड घ्या आणि बॅटरीजवळ फ्यूज लावा. पेटताना जास्त करंट लागतो, बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि हीटर ‘बॅटरी कमी’ दाखवून बंद होतो. बॅटरी चांगली असतानाही हे होतं आणि लोक हीटर बदलून आणतात. आणखी एक: बंद करताना बटणानंच बंद करा. त्यानंतर तीन ते पाच मिनिटं पंखा फिरतो, कोठी थंड होते. मध्येच बॅटरीचा स्विच काढला तर आतला प्लॅस्टिकचा पंखा वितळू शकतो.

आपल्या भागासाठी खास सूचना म्हणजे, गाडी कुठे उभी करता ते बघा. डिसेंबरात वावरात सोयाबीनचं आणि तुरीचं कुटार पसरलेलं असतं, धुऱ्यावर गवत वाळलेलं असतं. धुराच्या नळीखाली ते आलं तर पेटू शकतं. हीटर लावण्याआधी त्या बाजूची हात-दीड हात जागा पायानं साफ करा. जंगलाच्या कडेला तर हे दोनदा बघा, आणि वनखात्यानं परवानगी दिलेल्या जागेतच मुक्काम करा.

पायरी ८: पहिली रात्र घराच्या अंगणात

पहिल्यांदा पेटवल्यावर थोडा पांढरा धूर आणि रंगाचा वास येतो, म्हणून दारं उघडी ठेवून अर्धा तास पूर्ण जोरात चालवा. मग सगळं बंद करून, अलार्म लावून, जागे राहून दोन तास बसा. नळीच्या जोडांवर हात न लावता उदबत्तीचा धूर धरून बघा, कुठे ओढला किंवा ढकलला जातो का. दुसऱ्या रात्री झोपा. दूरच्या मुक्कामाला त्यानंतरच निघा.

चालवायची रीत: झोपण्यापूर्वी अर्धा तास जोरात, झोपताना मंद. आत १६-१८ अंश पुरे. रोज सकाळी उठल्यावर वीस मिनिटं पूर्ण जोरात पळवा, म्हणजे रात्रीची काजळी जळून जाते. चिखलदऱ्याच्या उंचीवर काही बदलावं लागत नाही. १५०० मीटरच्या वर मात्र हवा विरळ होते आणि डिझेल त्या मानानं जास्त पडतं. स्पितीला जायचं असेल तर उंचीनुसार डिझेल कमी करता येणारा हीटरच घ्या. तिथल्या कडाक्यात साधं डिझेल गोठून घट्ट होतं. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. इथून भरलेल्या टाकीवर वर जाऊ नका, तिकडचं हिवाळी डिझेल मिळेल तिथं भरून घ्या.

पायरी ९: उरलेले दहा महिने

महिन्यातून एकदा, उन्हाळ्यातसुद्धा, पंधरा-वीस मिनिटं चालवा. पेट्रोलपंपावर गेलं की टायरची हवा बघतो, तसं हे अंगवळणी पडू द्या. पावसाळ्याआधी हीटरची टाकी रिकामी करा, कारण उभ्या डिझेलमध्ये पाणी जमतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही हे केलं नाही. दिवाळीनंतर बटण दाबलं, पंखा फिरला, ग्लो प्लग तापला, आणि तीन वेळा प्रयत्न करूनही पेटला नाही. गाडीखाली सरकून पाहिलं तर हवा घेणाऱ्या बोटाएवढ्या नळीच्या तोंडाशी काळ्या मातीचा गुळगुळीत गोळा होता. नखानं फोडला. आतून वाळलेले बारीक कोळी आणि एक रिकामं कोष पडलं. कुंभारमाशीनं पावसाळ्यात तिथं घर केलं होतं. धुराच्या नळीतही तसंच दुसरं. समजा हवेची नळी मोकळी असती आणि धुराचीच बंद, तर तो धूर कुठल्या जोडातून वर आला असता, हा विचार त्या दिवशी डोक्यातून गेला नाही.

तेव्हापासून पावसाळ्याआधी टाकी रिकामी केली की दोन्ही नळ्यांच्या तोंडाला बारीक जाळी आणि वरून कापडाची बोंडी बांधतो. बोंडीला लाल फडका, आणि तसाच लाल फडका हीटरच्या बटणाला. दसऱ्याला गाडी धुऊन पूजा करतो तेव्हा खालचे फडके आधी सोडतो, नळीत बॅटरी मारून बघतो, पावसाळ्यात उडालेला चिखल तारेनं काढतो, अलार्मचं बटण दाबतो, आणि मगच बटणाचा फडका सुटतो.